पायथागोरस खरंच इजिप्तच्या देवळात शिकला का? जरा सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "इजिप्तच्या मंदिरांत गुप्त विद्यापीठं होती, पायथागोरस तिथे २२ वर्षं आणि प्लेटो १३ वर्षं शिकला, दोघांनी दीक्षा घेतली आणि ग्रीक तत्त्वज्ञान म्हणजे तिथूनच उचललेला माल आहे, असं एका व्हिडिओत ऐकलं. हे खरं आहे का? आणि आम्ही जानेवारीत जातोय, तर ही विद्या नेमकी कुठल्या देवळात बघायला मिळेल?" मी बरीच वर्षं मराठी ग्रुप घेऊन इजिप्तला जातोय, त्याआधी प्राचीन इतिहास शिकवायचो, आणि कर्नाकहून परत येताना बसमध्ये हा प्रश्न हमखास निघतो. तिथे पाच मिनिटांत गुंडाळावं लागतं, इथे ऐसपैस लिहितो.

आधी सरळ सांगतो. देवळांत ज्ञान होतं हे खरं, ते झाकून ठेवायचे हेही खरं, आणि ग्रीकांनी इजिप्तकडून भरपूर घेतलं यातही वाद नाही. घोळ एवढाच आहे की झाकून ठेवलेलं होतं ते एक आणि ग्रीकांनी नेलं ते दुसरंच, आणि व्हिडिओवाले दोन्ही जोडून मधे एक दीक्षासमारंभ घुसवतात.

इजिप्तचं देऊळ आपल्या माणसाला फार समजावावं लागत नाही. पहाटे पुजारी गाभाऱ्याच्या दारावरचं मातीचं सील तोडतो, स्तोत्र म्हणून देवाला उठवतो, मूर्ती स्वच्छ करतो, नवीन वस्त्र, सुगंधी तेल, मग नैवेद्य, आणि निघताना स्वतःच्या पावलांचे ठसे झाडून टाकत बाहेर येतो. काकड आरतीपासून नैवेद्यापर्यंत सगळा क्रम ओळखीचा, नैवेद्याचं अन्न नंतर पुजाऱ्यांच्या वाट्याला जायचं तेही ओळखीचं. फरक एकच पण फार मोठा: दर्शनाची रांग नाही. दोन प्रचंड बुरुजांचा दरवाजा, मग उघडं अंगण, मग खांबांचा मंडप (कर्नाकच्या मोठ्या मंडपात १३४ खांब आहेत, मान दुखते वर बघून), आणि जसजसं आत जाल तसतशी जमीन चढत जाते, छत खाली येतं, उजेड कमी होतो, आणि गाभाऱ्यात ठार अंधार. सामान्य माणसाची मजल अंगणापर्यंत, तीही बहुतेक सणासुदीला. एरवी देवच बाहेर यायचा, पुजाऱ्यांच्या खांद्यावरच्या नावेत बसून, तोही पडद्याआड.

आणि पुजारी म्हणजे गुहेत बसलेले सिद्धपुरुष वगैरे नव्हेत. चार पाळ्या असायच्या, एकेका पाळीकडे एक महिना, मग तीन महिने घरी, शेती, धंदा, बायकामुलं (ग्रीक वंशातला राजा टॉलेमी तिसरा याच्या काळात, इ.स.पू. २३८ च्या कॅनोपसच्या जाहीरनाम्यात, पाचवी पाळी वाढवली). पाळीवर असताना मात्र नियम कडक. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की हे लोक एक दिवसाआड अंगावरचा केस न केस काढतात, दिवसा दोनदा आणि रात्री दोनदा गार पाण्याने आंघोळ करतात, लोकर घालून देवळात जात नाहीत, घेवड्याच्या जातीच्या शेंगांना शिवत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 'गुप्त विद्यापीठ'. देवळाला लागून एक संस्था असायची, तिचं नाव 'पर-अंख', जीवनगृह. अमार्ना या जुन्या राजधानीत तर विटांवर हेच नाव छापलेली इमारत सापडली. तिथे व्हायचं काय, तर जुने ग्रंथ उतरवून काढणं, दुरुस्त करणं, पूजाविधी बसवणं, औषधांचे नुस्खे, तारखा आणि मुहूर्त, स्वप्नांचे अर्थ, राजाच्या रक्षणाचे मंत्र. हे आपण अंदाजाने म्हणत नाही. एडफूच्या देवळात ग्रंथालयाची छोटी खोली आहे आणि तिच्या भिंतीवर ग्रंथांची यादीच कोरलेली आहे: राजाचं त्याच्या महालात रक्षण कसं करावं, दृष्ट कशी काढावी, भिंती कशा सजवाव्यात, सूर्य-चंद्र आणि ताऱ्यांची परत येण्याची वेळ कशी ओळखावी. अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंट इ.स. २०० च्या सुमाराला इजिप्शियन मिरवणुकीचं वर्णन करतो, तोही ४२ ग्रंथ सांगतो, स्तोत्रं गायकाकडे, ताऱ्यांची चार पुस्तकं ज्योतिष्याकडे, धार्मिक कायद्याची दहा मुख्य पुजाऱ्याकडे, आणि सहा वैद्यकाची. आणि फायूममधल्या तेब्तुनिसला तर सोबेक देवाच्या देवळाचं प्रत्यक्ष ग्रंथालयच सापडलं, रोमन काळातलं, शेकडो हस्तलिखितं, दोन तळघरांत टाकून दिलेली. त्यातही विधी सगळ्यात जास्त, मग ज्योतिष-वैद्यक, आणि मग चक्क गोष्टी, राजांच्या, जादूगारांच्या, लढायांच्या. 'विश्वाचं अंतिम रहस्य, खंड पहिला' असं काही नाही त्यात.

मग झाकायचे कशाला? कारण विधी म्हणजे ताकद. योग्य शब्द योग्य वेळी म्हटला तर सूर्य उद्या उगवतो आणि मेलेल्यांचा देव ओसायरिस याचं शरीर सुरक्षित राहतं, तोच शब्द भलत्याच्या हाती गेला तर उलटं होईल, अशी ती समज. ब्रिटिश म्युझियममध्ये 'सॉल्ट ८२५' नावाचा पपायरस आहे, त्यात जीवनगृहाच्या एका विधीचं वर्णन आहे आणि बाहेरच्या माणसाने तिथे शिरायचं नाही अशी ताकीदही आहे. म्हणजे गुप्तता अणुभट्टीच्या कंट्रोल रूमसारखी होती, पायरी-पायरीने शिष्याला वर चढवणाऱ्या गुरुकुलासारखी नव्हे.

उदाहरणच देतो, अगदी नेमक्या काळातलं. व्हॅटिकनच्या संग्रहात उजाहोर्रेस्नेत नावाच्या माणसाचा पुतळा आहे, अंगभर मजकूर कोरलेला. हा साईसचा, राजवैद्य, आधी आरमाराचा अधिकारी, इ.स.पू. ५२५ मध्ये पर्शियाच्या कॅम्बिसेसने इजिप्त जिंकल्यावर त्याच्याकडे नोकरीला लागलेला (त्या काळचे लोक त्याला काय म्हणाले असतील ते सोडा). पुढे पर्शियाच्या दारयुश राजाने त्याला जीवनगृहं पुन्हा उभी करायला परत पाठवलं आणि तो अभिमानाने सांगतो की मी तिथे सगळे विद्यार्थी भरले, सगळी घरंदाज माणसांची मुलं, एकही ऐऱ्यागैऱ्याचा नाही. हे साईस म्हणजे तेच, जिथे अथेन्सच्या सोलोन या कायदेकर्त्याला म्हाताऱ्या पुजाऱ्याने 'तुम्ही ग्रीक म्हणजे कायमची पोरं' असं ऐकवल्याचं प्लेटो लिहितो. आणि काळ तोच, ज्यात पायथागोरस तिथे होता म्हणतात. आता अशा ठिकाणी सामोस बेटावरून आलेल्या, मजकुराचं एक अक्षर वाचता न येणाऱ्या परक्या माणसाला २२ वर्षं आत घेऊन बसवलं असेल, हे मला तरी पचत नाही.

बरं, हे २२ आणि १३ आले कुठून? इथे खरी मजा आहे. पायथागोरसने स्वतः लिहिलेलं काही शिल्लक नाही. तो इजिप्तला जाऊन शिकला असं पहिल्यांदा स्पष्ट लिहिणारा म्हणजे अथेन्सचा वक्तृत्वशिक्षक आयसोक्रेटीस, इ.स.पू. ३९० च्या आसपास, म्हणजे पायथागोरस जाऊन शंभरेक वर्षं झाल्यावर, आणि तेही एका वक्तृत्वाच्या नमुना-भाषणात, जिथे एका बदनाम इजिप्शियन राजाची स्तुती करून दाखवायची पैज आहे. २२ वर्षं हा आकडा पायथागोरसचं चरित्र लिहिणाऱ्या आयाम्ब्लिखसचा, इ.स. ३०० च्या सुमाराचा. आठशे वर्षांनी आकडा एवढा पक्का! वर तो म्हणतो कॅम्बिसेसच्या सैन्याने पायथागोरसला पकडून बाबिलोनला नेलं आणि तिथे आणखी १२ वर्षं शिकवलं. प्लेटोचं तर त्याहून भारी. प्लेटोने इजिप्तबद्दल खूप लिहिलंय, तिथली हजारो वर्षं न बदललेली चित्रकला, खेळातून गणित शिकणारी मुलं, लेखनकला शोधणारा देव थॉथ, पण 'मी गेलो होतो' असं एकदाही म्हणत नाही. १३ वर्षांचा आकडा ग्रीक भूगोलकार स्ट्राबोकडून येतो, तो इ.स.पू. २५ च्या सुमाराला हेलिओपोलिसला गेला तेव्हा गाव ओस पडलं होतं, विद्वान पुजारी कोणी उरले नव्हते, फक्त यज्ञयाग करणारे आणि पाहुण्यांना देऊळ फिरवून दाखवणारे होते, आणि त्यांनी त्याला प्लेटो राहिला ते घर दाखवलं. आमच्याच धंद्यातली माणसं ती, पाहुण्याला काय ऐकायला आवडतं हे त्यांना बरोबर कळत असणार. तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजिनीस लाएर्टियस तर म्हणतो सॉक्रेटिस गेल्यावर प्लेटो इजिप्तला गेला तेव्हा सोबत नाटककार युरिपिडीस होता, आणि युरिपिडीस सॉक्रेटिसच्या कितीतरी आधी वारलेला! प्लुटार्कची गोष्ट मात्र मला आवडते: प्लेटोने प्रवासखर्च भागवायला इजिप्तमध्ये तेल विकलं. पुरावा म्हणून कमजोरच, पण निदान माणसासारखी आहे.

पॅटर्न बघा, काळ जितका लांब तितकी वर्षं जास्त, गुरूंची नावं जास्त, दीक्षा कडक. आणि हे दोन्ही बाजूंच्या सोयीचं होतं. ग्रीकांना आपल्या विचारवंतांना पुरातन वंशावळ हवी होती. इजिप्शियन पुजाऱ्यांवर आधी पर्शियन, मग ग्रीक, मग रोमन राज्य करत होते, त्यांना 'तुमचे मोठे मोठे सगळे आमच्याच दारात शिकले' हे म्हणायला का आवडणार नाही? इजिप्तला येऊन गेलेल्या ग्रीकांची जी यादी इतिहासकार डिओडोरस देतो, तिच्यात तर कवी होमर आणि पुराणकथेतला कारागीर डेडालससुद्धा आहेत.

यादीतला एक माणूस मला खरा वाटतो, क्निडोसचा युडोक्सस, गणिती आणि ज्योतिर्विद. त्याच्याकडे स्पार्टाचा राजा अगेसिलाऊसचं फॅरो नेक्तानेबोला लिहिलेलं शिफारसपत्र होतं म्हणतात, राहिला १६ महिने, आणि पुजाऱ्यांसारखी दाढी आणि भुवया काढल्या. पत्र, मुदत, वेष, सगळं माणसाच्या मापाचं आहे.

म्हणजे बाकी सगळं थापाच का? अजिबात नाही. आता जे खरंच गेलं ते. इ.स.पू. सातव्या शतकात पहिल्या साम्तिकने (ग्रीक त्याला सामेटिकस म्हणायचे) आयोनियन आणि कॅरियन भाडोत्री सैनिक ठेवले, त्यांना जमिनी दिल्या, आणि हेरोडोटस म्हणतो की इजिप्शियन मुलं ग्रीक शिकायला त्यांच्याकडे सोपवली, त्यातून दुभाष्यांची एक जातच तयार झाली. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात नॉक्रातिस हे व्यापारी गाव उभं राहिलं, तिथे मिलेटसच्या लोकांचं अपोलोचं देऊळ, सामोसवाल्यांचं हेराचं. पहिला ग्रीक तत्त्वज्ञ म्हणतात तो थेलीस मिलेटसचा, पायथागोरस सामोसचा. आता कळलं ना रस्ता कुठला? गुप्त भुयार नाही, बंदर. धान्य, दारूचे बुधले, पपायरस आणि गप्पा.

या रस्त्याने सगळ्यात आधी गेलं ते दगडाचं काम. ग्रीकांचे सुरुवातीचे तरुणांचे उभे पुतळे बघा, डावा पाय पुढे, हात अंगाला चिकटलेले, मुठी वळलेल्या, थेट इजिप्शियन ठेवण, फक्त कपडे काढलेले. ३६५ दिवसांचं वर्ष गेलं, हेरोडोटस स्वतः म्हणतो आमच्यापेक्षा यांचं कॅलेंडर शहाणपणाचं. टॉलेमी नावाचा ज्योतिर्विद (राजा नव्हे) पुढे इ.स. दुसऱ्या शतकातही गणितं इजिप्शियन वर्षातच करतो, कारण बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि पाच दिवस वरचे, हिशोबाला इतकं सुटसुटीत दुसरं नाही.

भूमितीचं जरा जपून. ऱ्हाइंड पपायरस, इ.स.पू. १५५० च्या सुमाराची प्रत, ८४ उदाहरणं, त्यात वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या आठ-नवमांशाचा वर्ग घेऊन काढलंय, म्हणजे पायची किंमत ३.१६ च्या आसपास पडते. मॉस्कोच्या पपायरसात डोकं छाटलेल्या पिरॅमिडचं घनफळ अगदी बरोबर. उतार, धान्याची कोठारं, मजुरी, सगळं आहे. पण 'असंच का' हे सिद्ध करून दाखवणं कुठेही नाही, उदाहरण सोडवायचं आणि पुढे जायचं. आणि ज्याला आपण पायथागोरसचा सिद्धांत म्हणतो तो फॅरोंच्या काळातल्या एकाही गणिती पपायरसमध्ये मांडलेला नाही, ती बारा गाठींच्या दोरीची गोष्टही नाही. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर मात्र इ.स.पू. १८०० च्या सुमाराला असे आकडे व्यवस्थित आहेत. (कोणीतरी बौधायन काढणारच. शुल्बसूत्रात आहेच, पण तो वेगळा विषय, आज नको.)

तत्त्वज्ञानात मला दोन ठिकाणी इजिप्तचा वास येतो. एक थेलीस. सगळं पाण्यातून झालं आणि पृथ्वी पाण्यावर तरंगते, हे त्याचं म्हणणं आपल्याला ॲरिस्टॉटलकडून कळतं. इजिप्तमध्ये सृष्टीच्या आधी 'नुन' नावाचं अथांग पाणी, त्यातून मातीचा उंचवटा वर येतो, आणि दरवर्षी नाईलचा पूर ओसरला की हेच डोळ्यासमोर घडायचं, ते बघायला देवळात शिरायची गरज नव्हती. पण पुढे काय झालं बघा. थेलीसच्याच गावचा, पुढच्या पिढीतला ॲनॅक्झिमँडर म्हणतो पाणी नाही, काहीतरी अमर्याद असं मूळ आहे. त्याच्या पुढचा ॲनॅक्झिमिनीस म्हणतो छे, हवा. आधीच्याचं खोडून काढायचं, कारण द्यायचं, आणि तरी परंपरा तीच. इजिप्तमध्ये हेलिओपोलिस म्हणतं अतुमने सृष्टी केली, हर्मोपोलिस आठ आदिदेवता मांडतं, मेम्फिस म्हणतं प्ताहने मनात आणलं आणि जिभेने उच्चारलं तसं झालं (हा शेवटचा मजकूर शबाका शिळेवर आहे, नंतर कोणीतरी ती जात्यासारखी वापरून मधला भाग घासून टाकला, अंगावर काटा येतो बघताना). मेम्फिसचा विचार कमी खोल आहे असं मी म्हणणार नाही, उलट फार सुंदर आहे. पण या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी सुखाने नांदतात, कोणी कोणाला चूक ठरवत नाही. ग्रीकांनी कच्चा माल घेतला असेल, भांडण मात्र त्यांचं स्वतःचं.

दुसरं ठिकाण पायथागोरसच, पण वेगळ्या अर्थाने. पायथागोरस पुनर्जन्म मानायचा, आणि ही कल्पना इजिप्तमधून आली असं हेरोडोटस म्हणतो आणि तिथे तो साफ चुकतो. मेलेल्याने ससाणा, कमळ, बगळा अशी रूपं घ्यायचे मंत्र आहेत, पण तो स्वेच्छेचा प्रवास आहे, जन्मांचं चक्र नाही. शिवाय शरीर जपण्यासाठी ७० दिवस खपणारी संस्कृती आणि शरीराला आत्म्याची कबर म्हणणारी ग्रीक विचारसरणी एकमेकांची गुरू-शिष्य कशी असतील? उलट लोकर न घालणं, शेंगा न खाणं, पांढरे लिननचे कपडे, मौन, शुचिता, हे पायथागोरसवाल्यांचे नियम बघा आणि वर सांगितलेले पुजाऱ्यांचे नियम आठवा. लोकरीचा संबंध तर हेरोडोटसनेच जोडलाय. म्हणजे अंगणात उभं राहून बाहेरच्या माणसाला जेवढं दिसेल तेवढं बरोब्बर गेलेलं दिसतं. म्हणून तो इजिप्तला गेला असेल हे मला शक्य वाटतं, सामोसचा पॉलिक्रॅटीस आणि फॅरो अमासिस यांची दोस्तीच होती. आत गेला असेल हे नाही वाटत.

खरी सरमिसळ हवी असेल तर ती उशिरा झाली, अलेक्झांड्रियाच्या काळात आणि रोमन अमलात. कायरेमोन नावाचा इजिप्शियन पुजारी होता, जो एकाच वेळी स्टोइक तत्त्वज्ञ होता आणि नीरोचा शिक्षकही. तत्त्वज्ञ प्लोटायनस अलेक्झांड्रियात शिकला. थॉथ आणि हर्मीस एकत्र होऊन 'त्रिवार थोर हर्मीस' झाला आणि त्याच्या नावावर ग्रीकमध्ये संवाद लिहिले गेले. १४६३ मध्ये फ्लॉरेन्सला फिचिनो नावाच्या विद्वानाने प्लेटोच्या भाषांतराचं काम बाजूला ठेवून आधी त्यांचं भाषांतर केलं कारण ते मोझेसच्या काळचं वाटलं होतं, आणि १६१४ मध्ये कासोबों या भाषापंडिताने भाषेवरून दाखवलं की हे इ.स.नंतरच्या पहिल्या काही शतकांतलं आहे. पण इथे मी संशयवाद्यांशीही भांडतो. उशिराचं म्हणजे बनावट नव्हे. त्या संवादांत खरी इजिप्शियन भक्ती आहे, फक्त ती प्लेटोच्या आधीची नाही, नंतरची आहे.

मग दीक्षा, भुयारं, अग्निपरीक्षा कुठून आल्या? इजिप्तची देवी आयसिस, तिच्या दीक्षेचं जे सगळ्यात प्रसिद्ध वर्णन आहे, रोमन लेखक ॲप्युलियसचं, ते घडतं ग्रीसमध्ये, कोरिंथच्या बंदरावर, आणि त्याचा साचा एल्युसिससारख्या ग्रीक गूढविधींचा. मग १७३१ मध्ये फ्रान्समध्ये तेरासाँ नावाच्या पाद्र्याने 'सेथोस' ही कादंबरी लिहिली, त्यात पिरॅमिडखाली आग, पाणी, हवा यांच्या परीक्षा. शांपोलियोंने इजिप्तची चित्रलिपी उलगडली १८२२ मध्ये, म्हणजे हे लिहिताना इजिप्शियन मजकुराची एक ओळसुद्धा कोणाला वाचता येत नव्हती! ती कल्पना फ्रीमेसन या गुप्त संघटनेच्या लोकांनी उचलली, मोझार्टच्या ऑपेरात गेली, आणि लेखक जॉर्ज जेम्सने १९५४ च्या 'स्टोलन लेगसी'त (म्हणजे 'चोरलेला वारसा') हाच साचा इतिहास म्हणून घेतला. त्यात असंही आहे की ॲरिस्टॉटलने अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय लुटलं, पण ॲरिस्टॉटल इ.स.पू. ३२२ मध्ये गेला आणि ग्रंथालय टॉलेमींनी त्यानंतर उभारलं. तरी जेम्सचा राग मला समजतो. युरोपातल्या विद्वानांनी वसाहतींच्या काळात ग्रीसला आभाळातून पडल्यासारखं दाखवलं, आफ्रिकेचं आणि आशियाचं देणं पुसलं, हे खरंच झालं.

आपल्याकडे ही हवा थिऑसॉफीवाल्यांमुळे पोचली. ब्लाव्हात्स्कीबाईंनी १८७७ मध्ये आयसिसचं नाव घेऊन जाडजूड ग्रंथ काढला आणि १८७९ मध्ये त्या आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईत येऊन राहिले, मासिकही तिथूनच सुरू केलं, मग १८८२ ला अड्यारला गेले. 'प्राचीन इजिप्तचे महात्मे' हा शब्दप्रयोग मराठीत कानावर पडतो त्याची एक वाट तिथून येते.

आता तुमची ट्रिप. एडफूला क्रूझवाले सकाळी एकदम गर्दी करतात, गाईड सरळ गाभाऱ्याकडे पळवतो. तुम्ही पहिल्या खांबांच्या मंडपात शिरल्या शिरल्या उजवीकडची छोटी खोली मागून घ्या, तेच ते ग्रंथालय. देंडेराला वेगळा दिवस काढा, तळघरात उतरता येतं, तिथे 'इलेक्ट्रिक बल्ब' म्हणून दाखवतात ते कमळातून निघणारा साप आहे, बाजूला मजकूर आहे, तो वाचलेला आहे, वीज नाही. वरच्या छतावरचं राशिचक्र आता नक्कल आहे, मूळ पॅरिसला लूव्रमध्ये, आणि त्या बारा राशी मुळात बाबिलोनच्या, म्हणजे देवाणघेवाण उलटीही चालू होती. आणि अबू सिंबेलला प्रवेशद्वाराच्या डावीकडचा जो तुटलेला पुतळा आहे त्याच्या पायावर ग्रीक सैनिकांनी इ.स.पू. ५९३ च्या सुमाराला खरडलेला मजकूर आहे, सामेटिकस राजा (हा दुसरा) अस्वानजवळच्या एलेफंटाइनला आला तेव्हा त्याच्या मोहिमेत आम्ही नदीने आलो, लिहिणारे अर्खोन आणि पेलेकोस. प्लेटोच्या जन्माच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी ग्रीक माणूस इजिप्तमध्ये होता याचा याहून चांगला पुरावा मी तुम्हाला दाखवू शकत नाही. अस्वानहून पहाटे चारला निघावं लागतं, नाश्त्याचा डबा हॉटेलला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.